शेतात व रस्त्यावर माणूस ओळखणारी कॅमेऱ्यांची जोडी

ऊसतोडणी यंत्र किंवा ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर चालविणाऱ्याला पुढचे सर्व काही दिसतेच असे नाही. हंगामात तोडणी व वाहतूक रात्रीही चालते. बांधावरून माणसांची ये-जा असते, फडाच्या कडेला मजुरांची मुले झोपलेली असतात. अशा वेळी क्षणाचा उशीर एखाद्याच्या जिवावर बेततो. म्हणून माणूस आपोआप ओळखून चालकाला इशारा देणाऱ्या यंत्रणांवर संशोधन होत आहे. साधा कॅमेरा व थर्मल (उष्णतादर्शी) कॅमेरा यांची जोडी हा त्यातील एक प्रमुख मार्ग होय. ही जोडी कशी काम करते व कोठे कमी पडते, याची माहिती शेतकरी बंधूंना असणे आवश्यक आहे.

दोन कॅमेऱ्यांतील फरक

साधा कॅमेरा वस्तूवरून परावर्तित झालेला प्रकाश टिपतो. या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. रंग, कपडे व हातापायांची ठेवण त्यात स्पष्ट दिसते. परंतु अंधारात तो निरुपयोगी ठरतो. समोरून प्रखर दिवे आले तरी चित्र बिघडते.

थर्मल कॅमेऱ्याला उजेड लागत नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकते. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३२ ते ३४ अंश सेल्सिअस असते व तिच्यातून निघणारे किरण ९.५ मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असतात. थर्मल कॅमेरा ८ ते १४ मायक्रॉनचा पट्टा टिपतो. साध्या काचेतून हे किरण पार होत नाहीत, म्हणून त्याचे भिंग बहुधा जर्मेनियमचे असते. याच कारणाने हा कॅमेरा केबिनच्या काचेआड न बसविता बाहेर बसवावा लागतो.

जोडीची गरज

हिवाळ्यातील रात्री जमीन गार असते, त्यामुळे थर्मल चित्रात माणूस उठून दिसतो. याउलट उन्हाळ्यात दुपारी उघड्या जमिनीचा पृष्ठभाग ५० अंशांच्याही पुढे जातो. तेव्हा माणूसच जमिनीपेक्षा थंड दिसतो. सकाळी जमीन तापताना व नंतर निवताना अशी वेळ येते, की जमीन व माणूस यांचे तापमान जवळपास सारखे होते. त्या वेळी थर्मल चित्रात माणूस जमिनीत मिसळून जातो. उजेड असेल तर साधा कॅमेरा ही उणीव भरून काढतो. तसेच तापलेला दगड व माणूस यांतील फरकही तो आकारावरून दाखवितो.

चित्रे एकत्र कशी करतात?

दोन कॅमेरे शेजारी बसविले तर दोन्ही चित्रांतील माणूस थोडा सरकलेला दिसतो. दक्षिण कोरियातील कैस्ट या संस्थेच्या संशोधकांनी किरण विभागणारा आरसा वापरून दोन्ही कॅमेऱ्यांना एकच दृश्य दिले. मोटारीवरून दिवसा व रात्री घेतलेल्या ९५,३२८ चित्रजोड्या त्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केल्या. माणसे कोठे आहेत हे चौकटी आखून दाखविलेल्या अशा चित्रांवरून संगणकाला शिकविले जाते. २०१६ च्या एका अभ्यासात चार पद्धती तपासल्या असता, दोन्ही चित्रांतील लक्षणे प्रथम वेगवेगळी काढून मधल्या टप्प्यावर एकत्र करणे सर्वांत सरस ठरले.

शेतीसाठीही असे काम झाले आहे. डेन्मार्कमध्ये ऑक्टोबर २०१६ मध्ये गवत कापणाऱ्या ट्रॅक्टरवर साधे व थर्मल कॅमेरे, लेसर व रडार बसवून सुमारे २ तासांच्या नोंदी घेण्यात आल्या. अडथळ्यांमध्ये माणसे, पुतळे, दगड व पिंपे होती.

मर्यादा

१) दाट पाचटाआडचा किंवा उभ्या उसातील माणूस दोन्ही कॅमेऱ्यांना दिसत नाही. थर्मल कॅमेरा पानांच्या आरपार पाहत नाही. तो पानांचेच तापमान दाखवितो.

२) घोंगडी पांघरून झोपलेल्या माणसाची उष्णता बाहेरून कमी जाणवते.

३) जोराचा पाऊस व दाट धुके यांत दोन्ही चित्रे फिकी पडतात.

४) अंतर वाढले की चित्र लहान होते. ४५ अंशांचे दृश्य ६४० बिंदूंत टिपणाऱ्या कॅमेऱ्यात ५० सें.मी. रुंदीचा माणूस २० मीटरवर सुमारे १९ बिंदू, तर ६० मीटरवर अवघे ६ बिंदू व्यापतो. लहान मूल त्याहून कमी. ताशी २० कि.मी. वेगाचा ट्रॅक्टर २ सेकंदांत ११ मीटर पुढे जातो, हे लक्षात घ्यावे.

घ्यावयाची काळजी

कॅमेरा असो वा नसो, यंत्र सुरू करण्यापूर्वी फडातील माणसे मोजून घ्यावीत. मुलांची झोपण्याची जागा यंत्राच्या व ट्रॉलीच्या वाटेपासून दूर, ठरावीक व उजेडाची ठेवावी. यंत्र मागे घेताना खाली एक माणूस उभा करावा. ट्रॉलीला मागे परावर्तक पट्ट्या व लाल दिवा लावावा. कॅमेरा बसविलेला असल्यास त्याची भिंगे रोज पुसावीत व काम सुरू करण्यापूर्वी माणूस समोर सुरक्षित अंतरावर उभा करून इशारा मिळतो की नाही, हे तपासावे. इशारा न मिळणे म्हणजे वाट मोकळी आहे, असे कधीही समजू नये.