बी जिवंत आहे का?

मांडवावर वाळलेला दोडका कानाशी धरून हलवला की आत बिया खुळखुळतात. पावसाळी भाज्यांचं बी धरायचे हेच दिवस. दोडका, घोसाळं, भेंडी जागेवरच सुकू द्यायची; काकडी आणि वांगं मात्र पिकून पिवळं पडल्यावरच त्यांच्या पोटातलं बी तयार होतं. इतक्या मायेनं धरलेलं बी पुढच्या जूनमध्ये उगवत नाही, तेव्हा दोष बहुधा साठवणीचा असतो. आणि साठवणीत पहिला शत्रू म्हणजे ओल.

वाळलेल्या बीचाही श्वास मंदपणे चालू असतो. ओल आणि ऊब मिळाली की तो वाढतो, बुरशी धरते, बी लवकर म्हातारं होतं. अमेरिकी बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा ठोकताळा असा : बीमधला ओलावा एका टक्क्यानं घटला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, तापमान 5 अंश सेल्सिअसनं उतरलं तरी दुप्पट. ओलावा 5 ते 14 टक्के असेल तेव्हा हा हिशेब लागू पडतो. म्हणून फ्रिजचा विचार नंतर, आधी वाळवण.

जुनी माणसं हे ओळखून होती. बी राखेत घोळून गाडग्यात भरायचं, वर कडुनिंबाचा पाला, तोंड शेणामातीनं लिंपलेलं. राख ओल ओढून घेते आणि किड्यांनाही जगू देत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी याच शहाणपणावर गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

घरी बी सावलीत, वाऱ्यावर वाळवावं. तापलेल्या पत्र्यावर नको. चाळिशीपुढच्या उष्णतेत कोंबाला इजा होते. भोपळ्याची बी वाकवून पाहा : नुसती वाकली तर ओली आहे, कट्‌कन मोडली तर वाळली. वालाच्या दाण्यावर दाताचा वण उमटता कामा नये. मग घट्ट झाकणाची काचेची बरणी, तळाशी सिलिका जेलची पुडी, आणि बरणीवर वाणाचं नाव व साल. बरणी फ्रिजमधून काढल्यावर लगेच उघडू नका. ती खोलीइतकी कोमट झाली नाही, तर हवेतली वाफ थेट बियांवर बसते. आंबा, फणस, जांभूळ यांच्या बिया या वाटेनं नेऊच नयेत. वाळल्या की त्या मरतात.

कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांत ढेपाळतं, टोमॅटो-वांग्याचं चारेक वर्षं टिकतं. पण सालावरून निकाल लावू नये. विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1879 मध्ये मिशिगनमध्ये बाटल्यांत वाळूसोबत बिया पुरल्या होत्या. 2021 मध्ये त्यातली एक बाटली उघडली, तेव्हाही काही बिया उगवल्या. पाण्यात टाकून तरंगेल ते फोल ठरवायची पद्धत मला मुळीच भरवशाची वाटत नाही. बुडालेली बीही मेलेली असू शकते.

खरी परीक्षा ओल्या फडक्याची. दहा दाणे एकमेकांना न चिकटवता ओळीनं मांडा, फडकं गुंडाळून सैल पिशवीत घाला, उबदार जागी ठेवा आणि सुकू देऊ नका. पाणी निथळत असेल तर दाणे कुजतात. मुळा तीन-चार दिवसांत, भेंडी आठवड्यात, मिरची दोन आठवड्यांपर्यंत कोंब दाखवते. सोयाबीनचे शेतकरी पेरणीआधी गोणपाटावर 100 दाणे मांडून हेच करतात. प्रमाणित बियाण्याला उगवण सोयाबीन, टोमॅटो, वांग्यासाठी किमान 70 टक्के, भेंडीला 65 आणि मिरचीला 60 लागते. घरच्या बीलाही हाच कस लावावा.

नुसते आकडे मोजून थांबू नका. रेंगाळत आलेले, वाकडे, बुरसटलेले कोंब म्हणजे बी थकल्याची खूण. कारल्याचं बी मात्र टणकच राहिलं तर ते झोपलेलं असू शकतं. कड किंचित घासून पुन्हा ओलं करून पाहा.

दहातले तीनच उगवले, तरी दुर्मीळ गावठी वाण फेकू नका. उरलेलं सगळं बी याच हंगामात दाट टाका, फडक्यातले कोंबही कुंडीत लावा, आणि पहिल्या चांगल्या फळाला सुतळी बांधून ते बियाण्यासाठी राखून ठेवा.