अमेरिकेचा सामाजिक सुरक्षा क्रमांक : व्हिसाच्या अर्जातील दोन प्रश्न आणि नावाचा मेळ

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलामुलींनी आई-वडिलांना कायम वास्तव्यासाठी बोलावून घेणे, किंवा विवाहानंतर पदवीधर वैद्येने पतीकडे तेथे जाणे, ही गोष्ट महाराष्ट्रातील वैद्यकुटुंबांत आता अपूर्व राहिलेली नाही. अशा वेळी सगळे लक्ष मुलाखत, वैद्यकीय तपासणी आणि बरोबर न्यावयाची औषधे यांकडे असते. तेथील ‘सोशल सिक्युरिटी नंबर’ अर्थात सामाजिक सुरक्षा क्रमांकाची चौकशी बहुधा तेथे पोहोचल्यावर, बँकेच्या खिडकीपाशी सुरू होते. वस्तुतः या क्रमांकाची मागणी मुंबईहून निघण्यापूर्वीच व्हिसाच्या अर्जात करता येते, आणि त्या अर्जात जे नाव व जी जन्मतारीख लिहिली जाते तीच पुढे तेथील दप्तरात चालते. म्हणून हा विषय येथे विस्ताराने मांडीत आहे.

राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १४ ऑगस्ट १९३५ रोजी सामाजिक सुरक्षा कायद्यावर स्वाक्षरी केली आणि नोव्हेंबर १९३६ पासून टपाल कार्यालयांमार्फत हे क्रमांक देण्यास प्रारंभ झाला. हेतू अगदी मर्यादित होता. कामगाराने आयुष्यभरात किती मिळविले याची एका ठिकाणी नोंद राहावी आणि वार्धक्यात त्यावरून निवृत्तिवेतन ठरावे, एवढेच. १९४६ पासून तर कार्डावर ‘ओळखीसाठी नव्हे’ असे स्पष्ट छापले जाई. १९७२ मध्ये ते वाक्य काढून टाकण्यात आले. तोपर्यंत, म्हणजे १९६२ पासूनच, प्राप्तिकर खात्याने करदात्याचा क्रमांक म्हणून याचाच अवलंब केला होता. मागोमाग बँका, विमा कंपन्या, घरमालक सारेच तो विचारू लागले. आपल्याकडील पॅन आणि आधार या दोहोंची कामे थोडीथोडी हा एकटा क्रमांक करतो. मात्र कार्डावर ना छायाचित्र, ना बोटांचे ठसे. कागदावर नाव आणि नऊ अंक. पूर्वी पहिल्या तीन अंकांवरून प्रांताचा बोध होत असे. २५ जून २०११ पासून ते कोणत्याही क्रमाविना दिले जातात.

आता अर्जाकडे वळू. नातलगाने तेथे केलेली विनंती मंजूर झाली आणि शुल्क भरले की अर्जदाराला ‘डीएस-२६०’ नावाचा संगणकीय अर्ज भरावा लागतो. अर्ज लांबलचक असून त्याच्या शेवटाकडे सामाजिक सुरक्षा क्रमांकाविषयीचे प्रश्न येतात. आपल्याला पूर्वी असा क्रमांक मिळालेला आहे काय, हे आधी विचारले जाते. विद्यार्थी म्हणून वा नोकरीनिमित्त पूर्वी तेथे राहिलेल्यांनी जुना क्रमांकच लिहावा. तो आजन्म एकच असतो. त्यानंतरचे दोन प्रश्न महत्त्वाचे. क्रमांक व कार्ड देण्यात यावे काय, हा एक. आणि त्यासाठी अर्जातील माहिती संबंधित खात्यांना कळविण्यास आपली संमती आहे काय, हा दुसरा. दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तरच काम होते. ‘माहिती कळविण्यास संमती’ हे शब्द वाचून पुष्कळ जण बिचकतात, आणि पहिल्यास ‘होय’ व दुसऱ्यास ‘नाही’ असे लिहून मोकळे होतात. ज्या शासनाकडे आपण वास्तव्याची परवानगी मागत आहोत त्याच्याच दुसऱ्या खात्याला ही माहिती जावयाची आहे; तेव्हा या भीतीत फारसा अर्थ नाही.

ऑक्टोबर २००२ पासून ही सोय आहे. दोन्ही उत्तरे होकारार्थी असली, व्हिसा मिळाला आणि अर्जदार त्या देशात उतरला, की त्याची माहिती सामाजिक सुरक्षा खात्याकडे जाते आणि सुमारे तीन आठवड्यांत कार्ड टपालाने घरी येते. त्यास शुल्क नाही, कचेरीत खेटे नाहीत. तीन आठवडे उलटूनही कार्ड न आल्यास मात्र जवळच्या कचेरीत चौकशी करावी. संमती न दिलेल्यांना किंवा ज्यांची नोंद कोठेतरी अडकली त्यांना ‘एसएस-५’ हा अर्ज भरून, पारपत्र व वास्तव्याचा पुरावा यांच्या मूळ प्रती घेऊन जावे लागते. तेही निःशुल्कच आहे, पण उतारवयात, परक्या गावी आणि बहुधा मुलाच्या रजेच्या दिवशी करावयाचे. कार्ड येईपर्यंत नोकरी करता येत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. कायम वास्तव्याच्या व्हिसावर प्रवेशाचा शिक्का पडला की तो एक वर्षपर्यंत ग्रीन कार्डाच्या ठिकाणी चालतो आणि त्या बळावर कामास प्रारंभ करता येतो.

खरी मेख आहे ती नावात. आपल्या निघंटूंत एकाच गुडूचीला अमृता, छिन्नरुहा, मधुपर्णी, वत्सादनी असे पर्याय असतात आणि जाणकाराला त्यांत कोठे अडत नाही. अमेरिकी दप्तराला पर्याय समजत नाहीत. तेथे एक नाव म्हणजे एक व्यक्ती, आणि अक्षराचा फरक पडला की यंत्र ‘जुळत नाही’ असे उत्तर देते. महाराष्ट्रीय स्त्रीचे तर विवाहानंतर आडनावाबरोबर मधले नावही बदलते, आणि काही घरांत पहिलेही. बी.ए.एम.एस.ची पदवी माहेरच्या नावाने, भारतीय वैद्यक पद्धतींच्या राज्य परिषदेतील नोंदणी कधी माहेरच्या तर कधी सासरच्या नावाने, पारपत्र सासरच्या नावाने, आणि पॅन कार्डावर मधल्या नावाचे नुसते आद्याक्षर, अशी अवस्था कितीतरी वैद्यांच्या कागदपत्रांत आढळते.

सामाजिक सुरक्षा खाते परदेशी व्यक्तीचे नाव प्रवेशाच्या कागदपत्रांवरून घेते, आणि ती कागदपत्रे पारपत्रावरून तयार होतात. म्हणजे मुळाशी पारपत्रच. आपल्या पारपत्रात दोनच रकाने असतात, आडनावाचा आणि दिलेल्या नावाचा. पित्याचे वा पतीचे नाव दुसऱ्या रकान्यात स्वतःच्या नावाला जोडून छापलेले असते. त्यामुळे तेथे गेल्यावर पतीचे नाव आपल्या पहिल्या नावाचाच भाग होऊन बसते. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर संकट अधिकच. अशा वेळी पहिल्या नावाच्या जागी ‘नाव अज्ञात’ या अर्थाची तीन इंग्रजी अक्षरे उमटतात आणि दिलेले नाव आडनाव म्हणून नोंदले जाते. पारपत्र दुरुस्त करावयाचे असेल तर ते व्हिसाच्या अर्जापूर्वी करावे. विवाहनोंदणीचा दाखला, आवश्यक तेथे शासकीय राजपत्रातील नावबदलाची नोंद, हे सर्व येथे असताना जितके सुलभ आहे तितके तेथून नाही. अर्जात ‘यापूर्वी वापरलेली अन्य नावे’ असा रकाना आहे. त्यात माहेरचे संपूर्ण नाव अवश्य द्यावे. पुढे पदवीचे मूल्यमापन करून घेताना किंवा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची गुणपत्रके सादर करताना ही दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत हे दाखविण्यास या नोंदीचा उपयोग होतो.

आईच्या नावाबाबतही असाच घोटाळा होतो. सामाजिक सुरक्षा खात्याला अर्जदाराच्या आईचे जन्माच्या वेळचे, म्हणजे तिच्या माहेरचे नाव हवे असते. ओळख पटविताना ते विचारलेही जाते. आपण सवयीने आईचे सासरचे नाव लिहितो. सत्तरीच्या गृहस्थाला आजोळचे आडनाव आठवते, पण आईचे माहेरी ठेवलेले नाव आठवेलच असे नाही. ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे आणि कुटुंबातील सर्वांच्या अर्जांत एकाच वर्णरचनेने लिहावे.

जन्मतारखेची कथा तर सर्वांच्या परिचयाची आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख टाकून दिलेली एक पिढीच्या पिढी आपल्याकडे आहे. नगरपालिकेच्या दप्तरात निराळी तारीख निघाली, तर दाखला एक आणि पारपत्र दुसरेच सांगते. मुलाखतीपूर्वी त्यांचा मेळ घालणे जरूर आहे, कारण तेथील दप्तरातील वयावर वार्धक्यातील पुष्कळ गोष्टी अवलंबून आहेत. पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या व पाच वर्षे सलग राहिलेल्या कायम रहिवाशाला मासिक हप्ता भरून ‘मेडिकेअर’ हा शासकीय आरोग्य विमा घेता येतो. एखाद्या वर्षाचा फरक तेथे हजारो डॉलरचा ठरू शकतो.

जन्मनोंदच नसेल, तर ती नसल्याचा दाखला घेऊन शाळा सोडल्याचा दाखला व जाणत्या नातलगांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतात.

वरील सर्व विवेचन कायम वास्तव्यासाठी जाणाऱ्यांचे झाले. नोकरीच्या ‘एच-१बी’ व्हिसावर जाणाऱ्याला तेथे उतरल्यानंतर स्वतः कचेरीत जाऊन अर्ज करावा लागतो. प्रवेशाची नोंद संगणकावर येण्यास अवधी लागत असल्याने सुमारे दहा दिवस थांबून जाणे बरे. त्याच्यासोबत ‘एच-४’ व्हिसावर गेलेल्या पत्नीला, काम करण्याची स्वतंत्र अनुज्ञा मिळाल्याखेरीज, हा क्रमांक मिळत नाही. करविवरणपत्रासाठी प्राप्तिकर खात्याकडून वेगळा क्रमांक घेता येतो. तो नेहमी ९ या अंकाने सुरू होतो, आणि त्याने काम करण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. पाहुण्याच्या व्हिसावर व्याख्यानासाठी वा नातवंडांना भेटण्यासाठी गेलेल्या वैद्याला तर यातले काहीच नाही. त्याने तेथे नाडीपरीक्षा करून मानधन स्वीकारणे हा व्हिसाच्या अटींचा भंग होय, मग रक्कम कितीही लहान असो.

क्रमांक हाती आला म्हणजे चिकित्सेचा परवाना मिळाला असे समजू नये. अमेरिकेतील कोणतेही राज्य आयुर्वेदीय चिकित्सकाला परवाना देत नाही. राष्ट्रीय आयुर्वेदीय वैद्यक संघटनेची प्रमाणपत्रे आहेत, पण ती व्यावसायिक मान्यता होय, शासनाचा परवाना नव्हे. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात, २००३ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार, आपण परवानाधारक डॉक्टर नाही हे लेखी कळवून व ग्राहकाची त्यावर स्वाक्षरी घेऊन सल्ला देता येतो. अन्य राज्यांचे नियम निरनिराळे आहेत. येथे वीस-वीस वर्षे रुग्ण तपासलेल्या वैद्याला ‘आहारविहाराचा सल्लागार’ म्हणवून घेणे जड जाते, हे मी समजू शकतो. पण ‘डॉक्टर’ ही उपाधी लावून बसणे तेथे महागात पडते.

असा सल्ला देऊन स्वतंत्रपणे उत्पन्न मिळविणाऱ्याला, वर्षाचा निव्वळ नफा चारशे डॉलरपर्यंत पोहोचला की, प्राप्तिकराव्यतिरिक्त १५.३ टक्के स्वयंरोजगार कर लागू होतो. हा भरणा याच क्रमांकावर जमा होतो. त्यातून वर्षाला अधिकाधिक चार गुणांक मिळतात आणि चाळीस गुणांक झाल्यावर निवृत्तिवेतनाचा हक्क उत्पन्न होतो, म्हणजे किमान दहा वर्षे काम हवे. भारत व अमेरिका यांच्यात यासंबंधीचा परस्पर करार नसल्याने येथील नोकरीची वर्षे त्यात धरली जात नाहीत. पंचावन्नाव्या वर्षी जाणाऱ्याने हा हिशेब आधी मांडून पाहावा.

कार्डाची निगा राखण्याविषयी थोडेसे. ते खिशात बाळगू नये, प्लॅस्टिकमध्ये आच्छादून घेऊ नये. खात्याचीच तशी सूचना आहे. हरवल्यास वर्षातून तीन आणि आयुष्यात दहाच वेळा बदली कार्ड मिळते. १९३८ साली न्यूयॉर्क राज्यातील एका पाकीट बनविणाऱ्या कंपनीने नमुन्यादाखल पाकिटात आपल्याच कर्मचारी स्त्रीचा खरा क्रमांक छापला, तर पुढे हजारो लोकांनी तो स्वतःचा समजून वापरला! आज अजाणतेपणी नव्हे तर फसवणुकीच्या हेतूने क्रमांक वापरणारे पुष्कळ आहेत. दूरध्वनीवर कोणी आपण शासकीय अधिकारी असल्याचे सांगून क्रमांक विचारू लागला तर तो मुळीच सांगू नये.

राहता राहिला पत्ता. व्हिसाच्या अर्जात दिलेल्या पत्त्यावरच ग्रीन कार्ड आणि हे कार्ड येते. आई-वडील मुलीकडे उतरतात तेव्हा घराच्या टपालपेटीवर जावयाचे आडनाव असते, आणि अनोळखी आडनावाचे पाकीट टपालवाला परत पाठवू शकतो. यासाठी त्या घरी सध्या कोण राहते हे नाव अर्जात अचूक भरावे, आणि निघण्यापूर्वी मुलीला आपली आडनावे टपालपेटीवर चिकटवून ठेवण्यास सांगावे. मध्यंतरी घर बदलल्यास नवा पत्ता दोन्ही खात्यांना स्वतंत्रपणे कळवावा लागतो.