नाटक नव्हे, आजारच!

शेवगाव-पाथर्डीकडच्या एखाद्या घरात सुनेचा पाय अचानक लुळा पडतो, कधी फिट आल्यासारखं अंग थरथरतं. नगरला नेऊन एमआरआय केला तर रिपोर्ट नॉर्मल! मग घरचे म्हणतात, 'नाटकं करतेय', शेजारीण म्हणते, 'बाहेरचं असेल'. दोन्ही खोटं. 'फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर' हा खरा आजार आहे. रेडिओ धड असतो, पण स्टेशन लागत नाही, तसं मेंदूचा निरोप अवयवापर्यंत नीट पोचत नाही.

आधी मेंदूविकारतज्ज्ञांकडून निदान करून घ्या. पुढे मात्र पुष्कळसं आपल्या हातात असतं. थरथर सुरू होतेय असं वाटलं की खाली बसा, तळपाय जमिनीला टेकवा, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. चालताना पायाकडे बघू नका, एखादी ओवी गुणगुणा. लक्ष दुसरीकडे गेलं की पाय पुष्कळदा आपोआप उचलतो. कामं थोडी थोडी करा. झटका कधी, कशानंतर आला ते वहीत लिहा.

घरच्यांनी कांदा-चप्पल हुंगवू नये, हातपाय दाबून धरू नयेत. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मन खचलं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे. आणि तिला एवढंच म्हणा, 'पोरी, तुझा त्रास खरा आहे.'