🚰 *ड्रिपमध्ये चुना बसणार का? पाण्याचा रिपोर्ट आधीच सांगतो*



ऊन वाढलं की "शेवटच्या झाडांना पाणी पोचत नाही" असे फोन सुरू होतात. ड्रिपर फोडून बघितला तर आत पांढरा थर. हातमोजे घालून त्यावर ॲसिडचा एक थेंब टाका. फसफसला तर तो चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. नाही फसफसला तर गाळ, शेवाळ किंवा खताचा साका असू शकतो, त्याचा इलाज वेगळा.

पण चोक होईपर्यंत थांबायची गरज नाही. लँगेलियर यांनी १९३६ मध्ये यासाठी एक निर्देशांक मांडला. आपल्यासाठी तो सोपा करून देतोय.

*हिशोब असा करा* 📝
रिपोर्टमध्ये पीएच, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट बघा. कॅल्शियम व बायकार्बोनेट मि.ई. प्रति लिटरमध्ये हवेत. मिलिग्रॅममध्ये दिले असतील तर कॅल्शियमला २० ने आणि बायकार्बोनेटला ६१ ने भागा.

१) कॅल्शियम × बायकार्बोनेट करा.
२) गुणाकारासमोरचा 'तोलाचा पीएच' घ्या (पाणी ३० अंश, ईसी साधारण १.५ धरून):
▪️१ → ८.५
▪️५ → ७.८
▪️१० → ७.५
▪️२० → ७.२
▪️४० → ६.९
▪️८० → ६.६
३) पाण्याच्या पीएचमधून तोलाचा पीएच वजा करा.

🔴 उत्तर +०.५ च्या वर: चुना बसणार.
🟢 शून्याच्या आसपास: फारशी काळजी नाही.
🔵 −०.५ च्या खाली: चुना बसत नाही, पण पाणी लोखंडी पाइप व व्हॉल्व्ह खातं. शेततळ्यातल्या पावसाच्या पाण्याचं असं होऊ शकतं. पीव्हीसीला त्रास नाही.

*उदाहरण:* बोअरचा पीएच ७.८, कॅल्शियम ६, बायकार्बोनेट ७. गुणाकार ४२, तोलाचा पीएच ६.९. उत्तर +०.९, म्हणजे धोका! पाणी १० अंशांनी तापलं की यात आणखी ०.२ ची भर पडते. ड्रिप बंद केल्यावर लॅटरलमधलं पाणी उन्हात तापतं, ड्रिपरच्या तोंडाशी सुकतं आणि थर तिथेच धरतो.

*काय करायचं?*
✅ धोका असेल तर ड्रिप शक्यतो संध्याकाळी किंवा पहाटे चालवा.
✅ कॅल्शियम नायट्रेट सोडाल त्या दिवशी पाण्यातलं कॅल्शियम आणखी वाढतं. नंतर साधं पाणी चालवून लाइन धुवा. फॉस्फरसच्या खतात ते मिसळू नका.
✅ ॲसिड ट्रीटमेंट: आधी बादलीभर पाण्यात पीएच पेपरने प्रमाण ठरवा. शेवटच्या ड्रिपरला पीएच ४ च्या आसपास आला की ड्रिप बंद करा, रात्रभर ठेवा, सकाळी सबमेन व लॅटरल फ्लश करा.

⚠️ *ॲसिड पाण्यात टाका, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.* चष्मा, हातमोजे घाला. क्लोरीन किंवा ब्लीचिंगसोबत ॲसिड वापरू नका, विषारी वायू होतो.

नमुना घेताना मोटर १५-२० मिनिटं चालू द्या, बाटली काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी द्या. बाटलीत हवा राहिली तर पीएच बदलतो आणि हिशोब चुकतो. विहिरीची पातळी खाली गेली की पाणी बदलतं, म्हणून पावसाळ्यातल्या रिपोर्टवर उन्हाळा काढू नका.

रिपोर्टचा फोटो याच नंबरवर पाठवा, हिशोब करून कळवतो. नवीन लॅटरल घेण्याआधी एकदा विचारा. 🌱

– कृषी सल्ला, आपली शेतकरी उत्पादक कंपनी