विद्यापीठाच्या गेटच्या आत नेमकं काय असतं?

आजचा भाग एकाच प्रश्नावर. "बीएस्सी झालंय. एमएस्सी आमच्याच कॉलेजात करू की विद्यापीठात? डिग्री तर सेमच मिळणार ना?" हो, सेमच. दोन्हीकडे सर्टिफिकेटवर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. पण बाकी बराच फरक आहे.

माझं बीटेक एका स्वायत्त कॉलेजातून झालं. सिलॅबस कॉलेजचा, पेपर कॉलेजचे, डिग्री मात्र पुणे विद्यापीठाची. चार वर्षं मी "पुणे विद्यापीठाचा विद्यार्थी" होतो आणि गणेशखिंडीतल्या गेटच्या आत एकदाही गेलो नव्हतो. स्वायत्त नसलेल्या कॉलेजांत सिलॅबस आणि परीक्षाही विद्यापीठाच्याच. तरी त्या मुलांची विद्यापीठाशी भेट बहुतेक हॉल तिकीट आणि मार्कशीटपुरतीच.

याला जुनं कारण आहे. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथं विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठानं. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्टिफिकेट ऑथॉरिटी! वेबसाइट कुणा दुसऱ्याची, ती खरी आहे म्हणून शिक्का देणारे हे.

पुणे विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ ला सुरू झालं. तेव्हा १२ जिल्ह्यांचं कार्यक्षेत्र आणि १८ कॉलेजं. (पुढे कोल्हापूर, जळगाव अशी वेगळी विद्यापीठं झाली, आता पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे मुख्य जिल्हे.) परीक्षा घेणं हे काम होतंच, पण सोबत हाताशी ४११ एकर जागा होती आणि इंग्रज गव्हर्नरचा जुना बंगला, जी आजची मुख्य इमारत. बॅ. मु. रा. जयकर पहिले कुलगुरू. या जागेवर विद्यापीठाचे स्वतःचे विभाग उभे राहिले, जिथं विद्यापीठ स्वतः शिकवतं. म्हणजे एकाच नावाची दोन विद्यापीठं झाली. एक शेकडो कॉलेजांना शिक्का देणारं, दुसरं गेटच्या आतलं.

आता खरी गंमत. स्वातंत्र्यानंतर देशात आणखी एक फाटाफूट झाली. मोठं संशोधन राष्ट्रीय प्रयोगशाळांकडे गेलं. विद्यापीठापासून जवळच, पाषाण रस्त्यावर, १९५० साली एनसीएल सुरू झाली. अशा प्रयोगशाळांत उपकरणं होती, पैसा होता, पण वर्ग भरून बीएस्सीची मुलं नव्हती. विद्यापीठांकडे मुलं होती, उपकरणं नव्हती. माझ्या मते आपल्या उच्च शिक्षणाचं सगळ्यात मोठं नुकसान इथं झालं.

ते भरून काढायचा एक प्रयत्न याच कॅम्पसमध्ये आहे : आयुका. विद्यापीठ अनुदान आयोगानं १९८८ साली ती काढली, संस्थापक संचालक जयंत नारळीकर. नावातला "आंतरविद्यापीठ" हा शब्द महत्त्वाचा. एकेका विद्यापीठाला दुर्बीण परवडत नाही, म्हणून सगळ्यांसाठी मिळून एक. छोट्या गावातला फिजिक्सचा प्राध्यापकसुद्धा इथं येऊन काम करू शकतो. जुन्नरजवळ गिरवलीला आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. शेजारीच एनसीआरए, ज्यांच्या खोडदच्या जीएमआरटीत ३० अँटेना आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. आणि पुण्यातच सी-डॅक, ज्यांनी १९९१ साली परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर दाखवला. भारतीय लिपी कॉम्प्युटरवर आणायचं मोठं काम याच संस्थेनं केलंय. तुम्ही आत्ता हे देवनागरीत वाचताय ना, म्हणून सांगितलं.

तर विद्यापीठाच्या विभागात एमएस्सी करणाऱ्याला हा शेजार मिळतो. व्याख्यानाला मागच्या खुर्चीत बसता येतं, प्रोजेक्टसाठी दार ठोठावता येतं. दार उघडेलच असं नाही, पण ते चालत जाण्याच्या अंतरावर असतं. शिवाय नुसतं सायन्स नाही. एकीकडे ललित कला केंद्रातली मुलं नाटकाची तालीम करतात, दुसरीकडे जयकर ग्रंथालयात कुणी एमपीएससीसाठी मान खाली घालून बसलेलं असतं. अनिकेत कँटीनमध्ये चहाला हे सगळे एकत्र! कॉलेजात आपल्या ब्रँचबाहेरचा माणूस मला क्वचित भेटायचा.

पण सरसकट "विद्यापीठातच जा" असं मी म्हणणार नाही. घर कॉलेजजवळ असेल, पुढे नोकरीच करायची असेल, तर रूमचं भाडं आणि मेसचा खर्च कशाला? संशोधनाचा विचार मनात असेल तर मात्र विभागच बघा. अर्ज भरण्याआधी वेबसाइटवर शिक्षकांची यादी काढा, कोण कशावर काम करतंय, गेल्या दोन-तीन वर्षांत काय छापलंय ते वाचा. आणि प्रवेश परीक्षेची तारीख चुकवू नका.

प्रवेश नसेल घ्यायचा तरी एक चक्कर मारायला हरकत नाही. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास जीएमआरटी लोकांना बघता येते. खोडदला जायला नारायणगावला उतरायचं. तारखा आधी त्यांच्या साइटवर बघून घ्या.