ऐन पर्यटनाच्या हंगामात अकेडियातला थरारक ट्रेक बंद का असतो?

अमेरिकेच्या मेन राज्यात, अटलांटिकच्या काठावर अकेडिया नॅशनल पार्क आहे. इथल्या शॅम्प्लेन डोंगरावरची ‘प्रेसिपिस ट्रेल’ म्हणजे ग्रॅनाइटचा जवळपास उभा कडा. जेमतेम दीड किलोमीटरमध्ये सुमारे ३०० मीटर चढाई. कड्यात ठोकलेले लोखंडी गज आणि शिड्या धरूनच वर जायचं. इथून पडून ट्रेकर्सचे जीवही गेले आहेत.

पण दरवर्षी साधारण मार्च ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत ही वाट बंद असते, ती अपघातांमुळे नाही. कारण आहे कड्यावर घरटं करणारा बहिरी ससाणा.

डीडीटी या कीटकनाशकामुळे त्याच्या अंड्यांची कवचं पातळ झाली, अंडी फुटू लागली आणि पूर्व अमेरिकेतून तो जवळपास नाहीसा झाला. १९७२ मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली. १९८४ पासून अकेडियात पिल्लं आणून सोडण्यात आली. १९९१ मध्ये याच कड्यावर पुन्हा यशस्वी घरटं झालं.

माणसांच्या वावराने ससाणे बिथरले, तर अंडी आणि पिल्लं उघडी पडतात. म्हणून पिल्लं उडायला लागेपर्यंत थांबायचं.

वाट खुली झाल्यावरही पावसात जाऊ नका, ओला ग्रॅनाइट निसरडा असतो. आणि उतरायला दुसरी वाट घ्या.