दोन गुलाबी नळ्या

सॉसेज हा परभणीचा पदार्थ नव्हे. इथं मटण सकाळी आणायचं, दुपारी संपवायचं. टिकवायचंच झालं तर मीठ लावून उन्हात वाळवलेल्या चान्या. पण अन्नतंत्र आणि पशुवैद्यक अशी दोन्ही महाविद्यालयं असलेल्या या गावात प्रयोगशाळेच्या टेबलावर सॉसेज भेटतं, तेही खिमा करून, दहा ग्रॅम तोलून.

पहिली चाचणी नायट्राइटची. खिमा गरम पाण्यात मुरवून गाळला, त्यात दोन रसायनं टाकली की नळी गुलाबी होते. जितकं नायट्राइट, तितका रंग गडद. सॉसेजमध्ये घातलेलं हे नायट्राइट मांसाचा रंग टिकवतं, बोट्युलिझमच्या जंतूला रोखतं. पण मांसातल्या अमाइनांशी जुळून, विशेषतः कडक भाजताना, त्याची नायट्रोसामाइनं होतात. त्यातली काही कर्करोगकारक.

दुसरी चाचणी खवटपणाची, आणि ती जास्त वेळखाऊ. खिमा, पाणी, थोडं आम्ल फ्लास्कमध्ये उकळत ठेवायचं आणि वाफेचं पन्नास मिलिलिटर पाणी थेंबाथेंबानं जमवायचं. घाई केली की फेस वर चढतो. जमलेल्या पाण्यात टीबीए हे रसायन घालून नळी पस्तीस मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवायची. ही नळीही गुलाबीच होते! चरबी जितकी हवेनं बिघडलेली, तितका रंग जास्त. (खवट वास नाकाला आधीच कळतो, पण नाकाचा आकडा प्रबंधात लिहिता येत नाही.)

सॉसेजवर गॅमा किरण सोडले तर काय होतं, हे सगळं कोडं या दोन नळ्यांत आहे. किरण मांसातल्या पाण्याचे रेणू फोडतात, त्यातून अतिशय आक्रमक मूलकं सुटतात. ती नायट्राइट मोडतात, नायट्रोसामाइनंही मोडतात. पहिली नळी फिकी होते. तीच मूलकं चरबीवरही तुटून पडतात. दुसरी गडद होते. निर्वात पाकिटात ऑक्सिजनच कमी, म्हणून तिथं हा खवटपणा बराच आवरतो.

किरणांच्या मात्रेचा हिशेबही वेगळा; ती ग्रे या एककात मोजतात. लासलगावच्या किरणन केंद्रात कांद्याचा कोंब थांबवायला ६० ते ९० ग्रे पुरतात. कोरियात सॉसेजवर झालेल्या प्रयोगांत मात्रा २०,००० ग्रेपर्यंत नेली होती. एवढ्या किरणांनी नायट्रोसामाइन मोडत बसण्यापेक्षा नायट्राइटच मुळात कमी घालणं मला शहाणपणाचं वाटतं. नायट्राइट कमी केलं तरी लिस्टेरियासारखे जंतू किरण मारतील. बोट्युलिझमचे बीजाणू मात्र किरणांनाही सहजी दाद देत नाहीत, त्यामुळे नायट्राइटची चिमूट पुरती काढून टाकता येत नाही.